धातूंची शीत भंगुरता

सामान्य तापमानास वाकणारा, ताणला जाणारा व ठोकला असता चेपणारा धातू विशिष्ट तापमानाखाली गेल्यावर काचेसारखा एकाएकी तडकून फुटतो. धातूच्या या गुणधर्मास शीत भंगुरता म्हणतात. साधे पोलाद, नरम लोखंड व गोलाभ ग्रॅफाइटाचे बीड यांत हा गुणधर्म ठळकपणे आढळतो. तांबे, ॲल्युमिनियम, निकेल आणि क्रोमियम-निकेलयुक्त अगंज पोलाद यांत तो जवळजवळ नसतो. ज्या तापमानपट्ट्यात चिवटपणा नाहीसा होऊन ठिसूळपणा येतो त्याला संक्रमण तापमान म्हणतात. ते पाण्याच्या गोठणबिंदूखालीच असते, असे नाही. कित्येक जुन्या पोलादांत ते २०° ते ३०° से. इतके वर असल्याचे आढळले आहे. त्यामुळे हा प्रश्न केवळ बर्फाळ प्रदेशांचा आहे असे समजणे चुकीचे ठरते.

कोल्हापुरात हिवाळ्यातील किमान तापमान सामान्यतः १४°–१५° से. च्या आसपास असते व ते १०° से. च्या खाली क्वचितच उतरते. तरीही थंड देशांत वापरावयाचे बीड तेथे ओतावयाचे असल्यास त्याचे नमुने −२०° से., प्रसंगी −४०° से. पर्यंत थंड करून हातोड्याच्या आघाताने फोडून पहावे लागतात. ज्या थंडीचा अनुभव गावाला कधी आला नाही, त्या थंडीसाठी धातू सिद्ध करण्याची ही गरज का निर्माण झाली, हे समजण्यासाठी या विषयाचा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

इतिहास : काही लोखंड तापवून ठोकले असता चांगले घडते, पण थंड झाल्यावर घाव बसताच तुटते, हे लोहारांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. हा दोष फॉस्फरसामुळे येतो व तापलेल्या अवस्थेत तुटण्याचा उलट दोष गंधकामुळे येतो, हे रसायनशास्त्राच्या प्रगतीनंतर कळले. प्राचीन भारतीय लोखंडात फॉस्फरसाचे प्रमाण बरेच असे. दिल्लीच्या लोहस्तंभाचे न गंजणे याच फॉस्फरसामुळे शक्य झाले, असे अलीकडच्या संशोधनातून दिसते. एकच द्रव्य एका गुणासाठी उपकारक व दुसऱ्यासाठी घातक ठरावे, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. धातुरसातून फॉस्फरस काढून टाकण्याची कृती टॉमस व गिलख्रिस्ट यांनी १८७८–७९ च्या सुमारास सिद्ध केली. तोपर्यंत यूरोपातील फॉस्फरसयुक्त लोहधातुकांपासून चांगले पोलाद करता येत नव्हते.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे वाढली, तशी कडाक्याच्या थंडीत चाकांच्या धावा व आस तुटल्याची उदाहरणे पुढे येऊ लागली. थंडीनेच लोखंड ठिसूळ होते, असे लोक म्हणत. उष्णता व कार्य यांचा संबंध मोजणारे प्रसिद्ध शास्त्रज्ञ जेम्स जूल यांना हे पटले नाही. त्यांनी १८७१ मध्ये पोलादी तारा व रफूच्या सुया आणि बिडाचे खिळे गोठण मिश्रणात थंड करून मोडून पाहिले. त्यांत फरक न आढळल्याने थंडीचा हा आरोप खोटा आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. जूल यांच्या मोजमापात चूक नव्हती. चूक नमुन्यांच्या निवडीत होती. कडक केलेली सुई व बिडाचा खिळा हे नेहमीच्या तापमानालाच ठिसूळ असतात, त्यामुळे थंडीने त्यांच्याजवळचे हिरावून घेण्याजोगे काही नसते. तार मात्र गुळगुळीत असते व सावकाश ताणली जाते. ठिसूळपणा प्रकट होण्यासाठी खाच आणि अचानक आघात या दोन गोष्टी लागतात आणि त्या तेथे नव्हत्या. चिवट वस्तूच चिवटपणा गमावू शकते, ही साधी गोष्ट या प्रयोगात निसटली. पुढे कोल्हापूरच्या बिडाच्या संदर्भात हाच मुद्दा पुन्हा येईल.

खाच पाडलेला नमुना झुलत्या हातोड्याने एका घावात तोडून त्यासाठी खर्ची पडलेली ऊर्जा मोजण्याची पद्धत फ्रेंच धातुवैज्ञानिक झॉर्झ शार्पी यांनी १९०१ मध्ये सुव्यवस्थित स्वरूपात मांडली. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी ही कसोटी आजही जगभर वापरात आहे. नमुना १० मिमी. जाड, १० मिमी. रुंद व ५५ मिमी. लांब असून त्याच्या मध्यभागी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराची २ मिमी. खोल खाच असते. नमुना तोडल्यावर हातोडा पलीकडे जितका कमी वर चढेल, तितकी जास्त ऊर्जा नमुन्याने शोषून घेतली, म्हणजेच तो तितका चिवट. निरनिराळ्या तापमानांस केलेल्या कसोट्यांचा आलेख काढला, तर साध्या पोलादाचा वक्र एका पट्ट्यात कड्यासारखा कोसळतो. परंतु साधन हाती असूनही जवळजवळ चाळीस वर्षे बांधकामाच्या पोलादाची अशी कसोटी घेण्याची सक्ती कोणी केली नाही. नेहमीच्या तापमानास सावकाश ताणून पाहणे पुरेसे मानले जाई.

ही समजूत दुसऱ्या महायुद्धात मोडली. युद्धकाळात अमेरिकेने रिव्हेटांऐवजी वितळजोडकामाने जहाजे बांधण्याचा प्रचंड कार्यक्रम हाती घेतला. त्यांतील ‘लिबर्टी’ प्रकारचीच २,७१० जहाजे बांधून झाली. १६ जानेवारी १९४३ रोजी ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ हे नवेकोरे तेलवाहू जहाज शांत पाण्यात धक्क्याला बांधलेले असताना मोठ्या आवाजाने जवळजवळ दुभंगले. त्या वेळी हवेचे तापमान −३° से. च्या सुमारास व पाण्याचे ४° से. होते. वादळ नव्हते, टक्कर नव्हती आणि शत्रूचा पाणतीरही नव्हता. चौकशीत पाहिल्या गेलेल्या सु. ४,७०० जहाजांपैकी ९७० जहाजांना या प्रकारच्या लहानमोठ्या भेगा पडल्याचे आढळून आले. काही जहाजे भर समुद्रात तुटून खलाशांसह बुडाली.

प्रथम सारा दोष वितळजोडकामावर व कामगारांच्या घाईवर टाकण्यात आला. केंब्रिज येथील कॉन्स्टन्स टिपर यांनी जहाजांच्या पत्र्यांवर प्रयोग करून मूळ दोष पोलादातच आहे, असे दाखवून दिले. विशिष्ट तापमानाखाली हे पोलाद चिवटपणे न फाटता ठिसूळपणे फुटत होते व उत्तर अटलांटिकचे हिवाळी पाणी त्या तापमानाखालचे होते. वितळजोडकाम पूर्णपणे निर्दोष होते असे नाही. रिव्हेटांनी जोडलेल्या जहाजात भेग एका पत्र्याच्या कडेशी थांबे. सलग जोडलेल्या जहाजात ती न थांबता कवचाला वळसा घालू शके. झडपांच्या चौकोनी कोपऱ्यांत ताण एकवटत असे आणि जोडातील दोष भेगेला आरंभ करून देत. पत्र्यांच्या तपासणीतून अमेरिकेत एक व्यवहारोपयोगी मर्यादा पुढे आली : वापराच्या तापमानास शार्पी कसोटीत १५ फूट-पौंड, म्हणजे सु. २० जूल ऊर्जा शोषणाऱ्या पत्र्यात भेग सुरू होण्याचा संभव कमी असतो. त्यानंतर कार्बन कमी व मँगॅनीज अधिक असलेली, बारीक कणांची पोलादे जहाजांसाठी प्रचारात आली. ती नेहमीच्या तापमानास पूर्वीच्या पोलादांहून फार निराळी भासत नसत. त्यांचा फरक थंडीत दिसे.

‘टायटॅनिक’ जहाजाच्या समुद्रतळातून आणलेल्या पोलादाची १९९० नंतर कसोटी घेतली असता त्याचे संक्रमण तापमान, पत्रा ज्या दिशेने लाटला गेला त्या दिशेत ३२° से. व आडव्या दिशेत ५६° से. आढळले. बुडाला त्या रात्री पाणी −२° से. च्या सुमारास होते. यावरून जहाज ठिसूळ पोलादामुळेच बुडाले असे लोकप्रिय लेखनात वारंवार सांगितले जाते. ते अतिशयोक्त आहे. रिव्हेटांतील धातुमळीचे कण व त्यांची कमजोरी यांना पुढील अभ्यासकांनी अधिक महत्त्व दिले आहे. नेपोलियनच्या सैनिकांच्या कथिलाच्या गुंड्या रशियातील थंडीत भुगा झाल्याची कथा तर निव्वळ दंतकथेच्या जवळची आहे. शिवाय कथिलाचा भुगा होणे ही १३° से. च्या खाली होणाऱ्या स्फटिकरूप-बदलाची क्रिया असून तिचा येथील विषयाशी संबंध नाही. यांहून अधिक विचार करण्याजोगे उदाहरण मेलबर्नच्या किंग स्ट्रीट पुलाचे आहे. १९६१ मध्ये वाहतुकीस खुला झालेल्या या पुलाचा एक गाळा १० जुलै १९६२ च्या थंड सकाळी अवजड वाहनाखाली खचला. वितळजोडाजवळ आधीच पडलेल्या बारीक भेगा त्या थंडीत पुढे धावल्या होत्या. तापमान मात्र गोठणबिंदूच्याही वरच होते.

कारणमीमांसा : धातू वाकतो तेव्हा त्याच्या स्फटिकांतील अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. सबंध थर एकदम सरकत नाही. त्यातील एक दोषरेषा, जिला स्थानभ्रंश म्हणतात, ती पुढे पुढे जाते. मोठी सतरंजी ओढून नेण्यास जोर लागतो, पण तीत एक सुरकुती पाडून ती सुरकुती पुढे ढकलली, तर सतरंजी सहज सरकते, तसेच हे आहे. लोखंडाच्या स्फटिकात घनाच्या आठ कोपऱ्यांवर व मध्यभागी एक अशी अणूंची मांडणी असते. या मांडणीत स्थानभ्रंशाला पुढे सरकताना अडथळा होतो आणि तो ओलांडण्यासाठी अणूंच्या उष्णताजन्य कंपनांचे साहाय्य लागते. थंडीत ही कंपने मंदावतात, म्हणून लोखंडाला वाकविण्यासाठी लागणारा जोर झपाट्याने वाढतो. परंतु स्फटिकाला त्याच्या पाटनपृष्ठावर सरळ फाडण्यासाठी लागणारा जोर तापमानाबरोबर फारसा बदलत नाही. जेथे वाकणे हे फाटण्याहून अवघड होते तेथे धातू वाकण्याऐवजी फाटतो. तांबे व ॲल्युमिनियम यांच्या स्फटिकांत अणू घनाच्या कोपऱ्यांवर व सहा पृष्ठांच्या मध्यभागी असतात. तेथे हा अडथळा अगदी थोडा असल्याने थंडीतही सरकणे चालू राहते.

खाचेमुळे दोन गोष्टी होतात. तिच्या टोकाशी ताण एकवटतो आणि आजूबाजूचा धातू तेथील धातूला आडव्या दिशेत आकसू देत नाही, म्हणून सरकणे आणखी दुर्घट होते. आघात अचानक झाल्यास सरकण्यास वेळही मिळत नाही. जाड वस्तूत हा परिणाम पातळ वस्तूपेक्षा तीव्र असतो. याउलट धातूचे कण बारीक असल्यास भेगेला प्रत्येक कणाच्या सीमेवर अडावे लागते. बळ व चिवटपणा हे दोन्ही एकाच वेळी वाढविणारा, कण बारीक करण्यासारखा दुसरा उपाय क्वचितच सापडतो. फुटलेल्या पृष्ठाकडे पाहूनही प्रकार ओळखता येतो : चिवट भंग निस्तेज, करडा व तंतुमय असतो, तर ठिसूळ भंग दाणेदार असून उजेडात चकाकतो.

कोल्हापूरचा ओतकाम उद्योग : कोल्हापुरातील यंत्रोद्योगाचा पाया शाहू महाराजांच्या कारकीर्दीत (१८९४–१९२२) घातला गेला आणि त्याच्या उभारणीत वाय. पी. पोवार, म्हादबा मेस्त्री प्रभृतींची नावे घेतली जातात. ऊस व गूळ यांच्या या प्रदेशात लोखंडी चरक, पाणी उपसण्याची तेल एंजिने व पंप यांना मागणी होती. त्यांच्या सुट्या भागांसाठी शिवाजी उद्यमनगरात व नंतर शिरोली, गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत ओतशाळा वाढल्या. गावच्या बोलीत त्यांना फौंड्री म्हणतात. दीर्घकाळ त्यांचे मुख्य उत्पादन कपोला भट्टीत कोकवर वितळविलेले करडे बीड हेच होते. करड्या बिडात ग्रॅफाइट पापुद्र्यांच्या रूपात पसरलेले असते व प्रत्येक पापुद्रा ही धातूच्या अंगातच असलेली खाच असते. असे बीड उन्हाळ्यात ठिसूळ व हिवाळ्यातही ठिसूळ. अभिकल्पक ते दाबाखाली वापरतो, ताणाखाली नाही, आणि कंपने जिरविण्याचा त्याचा गुण उपयोगात आणतो. जूल यांच्या बिडी खिळ्यांप्रमाणेच या बिडालाही थंडीची भीती नव्हती, कारण गमाविण्यासारखे त्याच्याजवळ थोडेच होते.

ही स्थिती गोलाभ ग्रॅफाइटाच्या बिडामुळे बदलली. वितळलेल्या बिडात अल्प प्रमाणात मॅग्नेशियम मिसळल्यास ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात जमते, हे १९४८ मध्ये जाहीर झाले. गोळीच्या टोकाशी ताण एकवटत नाही, म्हणून बीड पोलादासारखे वाकू व ताणले जाऊ लागले. ओतशाळांत त्याला ‘एसजी’ म्हणतात. मोटारगाड्यांच्या भागांसाठी त्याची मागणी वाढली, तसे कोल्हापूरचे ओतकामही तिकडे वळले. कोकमधील गंधक मॅग्नेशियम खाऊन टाकते, त्यामुळे या कामासाठी कपोलापेक्षा विद्युत् प्रवर्तन भट्टी अधिक सोयीची ठरते. रंगावरून व ठिणगीवरून रस ओळखणाऱ्या जुन्या कारागिराच्या जोडीला वर्णपटमापक व सूक्ष्मदर्शक आले. पण बिडाला चिवटपणा मिळताच तो गमाविण्याची शक्यताही त्याच्याबरोबर आली.

यूरोपीय मानकातील ईएन–जीजेएस–४००–१८–एलटी या प्रतीच्या नावात हा सारा प्रश्न सामावलेला आहे. ४०० हा आकडा ताणबल (मेगापास्काल) व १८ हा आकडा तुटण्यापूर्वीची टक्केवारीतील लांबीवाढ दर्शवितो. शेवटची दोन अक्षरे नीच तापमानाची आहेत. −२०° से. ला तीन नमुन्यांची सरासरी १२ जूल भरली पाहिजे व एकही नमुना ९ जूलखाली येता कामा नये, असा त्यांचा अर्थ. ३५०–२२–एलटी या प्रतीस हीच अट −४०° से. ला लागू होते. पवनचक्क्यांचे नाभिभाग यांसारख्या उघड्यावर राहणाऱ्या वस्तूंसाठी अशा प्रती मागविल्या जातात. येथे जहाजांचा धडा पुन्हा आठवतो : नेहमीच्या तापमानास १८ टक्के किंवा त्याहूनही अधिक लांबणारे बीड −२०° से. ला सपशेल नापास होऊ शकते. ताणकसोटीचा चांगला आकडा पाहून निश्चिंत राहणारा ओतकामगार १९४२ च्या जहाजबांधणी कारखान्याच्याच जागी उभा असतो.

अडचण मुख्यतः सिलिकॉनाची आहे. सिलिकॉन ग्रॅफाइट जमण्यास साहाय्य करते, कठीण कार्बाइडे होऊ देत नाही व मऊ फेराइट वाढविते. म्हणून नेहमीच्या एसजी बिडात ते अडीच टक्क्यांच्या आसपास ठेवतात. पण तेच फेराइटात विरघळून त्याला ताठर करते. दर ०·१ टक्का सिलिकॉनामागे संक्रमण तापमान सु. ५° ते ६° से. ने चढते. ते २·७ वरून २ टक्क्यांवर आणल्यास सु. ४०° से. चा लाभ होतो, परंतु मग ओतिवाच्या पातळ भागांत कार्बाइडे व पर्लाइट डोकावू लागतात. पर्लाइट हाही थंडीत घातकच. त्यामुळे रस साच्यात ओतताना बीजारोपण काळजीपूर्वक करावे लागते आणि तरीही न जमल्यास ओतीव पुन्हा तापवून मंदगतीने थंड करावे लागते. फॉस्फरस ०·०३ टक्क्यांच्या आत ठेवतात. तो कणांच्या सीमांवर साचून लोहाराचा जुना दोष परत आणतो. मँगॅनीज भंगारातून येते व पर्लाइट वाढविते. जहाजांच्या पोलादाला उपकारक ठरलेले हे मूलद्रव्य येथे मात्र नकोसे असते. म्हणजे −२०° से. च्या कसोटीचा निकाल प्रत्यक्षात बऱ्याच अंशी भट्टीत काय टाकले येथेच लागलेला असतो. स्वस्त, मिसळीचे भंगार व निवडलेले भंगार यांच्या किमतीतील फरक या कसोटीच्या वेळी वसूल होतो.

कसोटीची कृती साधी, पण घाई सहन न करणारी आहे. शुष्क बर्फ व अल्कोहॉल यांच्या मिश्रणाने इच्छित तापमान मिळविता येते. नमुना अशा द्रवात बुडवून त्याचे तापमान आतपर्यंत समान होईपर्यंत ठेवतात आणि चिमट्याने उचलून सु. पाच सेकंदांच्या आत त्यावर हातोडा सोडतात. उष्ण हवेच्या गावात या काही सेकंदांना महत्त्व आहे. उशीर झाल्यास नमुना तापतो व आहे त्यापेक्षा चांगला भासतो.

रूळभंग : कोल्हापूर–मिरज लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रातील लोहमार्गांवर हिवाळ्याच्या पहाटे रूळ तडकण्याच्या घटना घडतात व त्यासाठी थंडीच्या मोसमात रात्री गस्त घालतात. यास सर्रास थंडीने आलेला ठिसूळपणा म्हटले जाते, ते पूर्णपणे बरोबर नाही. रुळांचे पोलाद उच्च कार्बनाचे व झीज सोसणारे असते. खाच असलेल्या स्थितीत ते आपल्याकडील दुपारच्या तापमानासही फारसे चिवट नसते. पहाटेची थंडी त्याला आणखी ठिसूळ करीत नाही, ती त्याला ताणते. सलग जोडलेला लांब रूळ आकसू पाहतो, पण स्लीपर त्याला धरून ठेवतात. दर मीटरास ६० किग्रॅ. वजनाच्या रुळात तापमान १° से. ने उतरताच पावणेदोन ते दोन टन ओढ निर्माण होते. रूळ बसविताना त्याचे तापमान ४०° से. असेल व पहाटे १०° से. वर आले, तर ही ओढ ५० टनांहून अधिक भरते. जोडातील दोष किंवा चाकांच्या आघातांनी पडलेली चीर असेल, तर रूळ तेथे तुटतो. थंडीची दोन कामे आहेत, आकसविणे व ठिसूळ करणे. आपल्या हवामानात पहिल्याचाच उपद्रव अधिक.

द्रवरूप वायूंच्या साठवणीत दुसरे काम अगदी टोकाला जाते. २० ऑक्टोबर १९४४ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे द्रवरूप नैसर्गिक वायूची, ३·५ टक्के निकेल असलेल्या पोलादाची टाकी फुटून लागलेल्या आगीत सु. १३० माणसे मृत्युमुखी पडली. त्या तापमानास ते पोलाद पुरेसे चिवट नव्हते. त्यानंतर ९ टक्के निकेलाची पोलादे, अगंज पोलाद व ॲल्युमिनियम यांचा वापर रूढ झाला. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ येथे २०१३ मध्ये कार्यान्वित झालेल्या आयात केंद्रात हाच वायू −१६२° से. ला उतरवून घेतला जातो. कोकणच्या दमट उन्हात उभ्या असलेल्या अशा टाकीची आतली भिंत ध्रुवप्रदेशातील कोणत्याही हिवाळ्याहून थंड असते.

रबर व प्लॅस्टिके यांचा ठिसूळपणा निराळ्या कारणाने येतो; त्यांत स्फटिकांचे थर नसून लांब रेणूंच्या साखळ्यांची हालचाल थंडीत गोठते. तथापि पूर्ण ठिसूळ होण्याच्या बऱ्याच आधी रबर आपली लवचिकता गमाविते. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ अवकाशयानाच्या अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कडे थंडीने ताठरले, वेळीच पसरून फट बुजवू शकले नाही आणि सात अंतराळवीर मरण पावले. आदल्या रात्री अभियंत्यांनी या कड्यांबाबत इशारा दिला होता. चौकशीच्या वेळी रिचर्ड फाइनमन यांनी त्याच रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडविला व बाहेर काढून तो लगेच पूर्ववत होत नाही, हे सर्वांसमक्ष दाखविले.